तारपा भिंतीवर आहे, वर्गात कधी येणार?

मा. आदिवासी विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य.

सविनय नमस्कार.

जव्हार-डहाणूकडच्या कितीतरी आश्रमशाळांच्या भिंतींवर तारपानृत्य रंगवलेलं असतं. मधे तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य घेतलेला तारपकरी, भोवती नाचणाऱ्यांचं वेटोळं. आत शिकणाऱ्या पोरांपैकी किती जणांनी तारपा हातात धरलाय, हे एकदा विचारून पाहा. स्नेहसंमेलनात नाच होतो, पण स्पीकरवर गाणं लावून. तारपकऱ्याने चाल बदलली की पावलं बदलायची, हाच तर या नाचाचा जीव. रेकॉर्डिंगवर मुलं पावलं नुसती पाठ करतात.

लगेच ‘वाद्यसंच पुरवठ्या’चं टेंडर मात्र काढू नका, हात जोडून सांगतो. तारपा करायचा म्हणजे भोपळा वाळवून कोरायचा, बांबूच्या दोन नळ्या बसवायच्या, सांधे मेणाने लिंपायचे, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा जोडायचा. वाजवताना फुंक तुटता कामा नये. गालातली हवा सोडता सोडता नाकाने श्वास घ्यायचा. हे जाणत्याच्या शेजारी बसूनच येतं. थाळी या वाद्याचंही तेच. काशाच्या थाळीत मेणाने काडी उभी करायची आणि बोटांच्या चिमटीतून ओढत राहायची. दिसायला सोपं, पहिल्या दिवशी आवाजच निघत नाही!

वाळवंड्याचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना २०२६ची पद्मश्री जाहीर झाली, फार आनंद झाला. पण त्यांच्यासारखा एखादा वादक उद्या तासिका तत्त्वावर शिकवायला आला, तर त्याच्याकडे पदवी मागणार का? ती अट या कामापुरती काढा आणि मानधन महिन्याच्या महिन्याला द्या. रोजंदारी बुडवून आलेल्या माणसाला बिलासाठी प्रकल्प कार्यालयात खेपा घालायला लावू नका.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी १० दिवस दप्तराविना, स्थानिक कारागीर-कलावंतांसोबत घालवायची तरतूद आहेच. ते दिवस मार्चमध्ये खर्च संपवण्यासाठी नकोत. भात तयार होऊ लागलं की पाड्यांवर तारपा घुमतो, तेव्हाच ठेवा. आणि एकच जीआर सगळीकडे लावू नका. सुरगाण्याकडच्या कोकणा मुलांना पावरी जवळची. कुठलं वाद्य शिकवायचं ते गावाला ठरवू द्या.

येत्या पावसाळ्याच्या तोंडाशी शाळांच्या कुंपणालगत भोपळ्याच्या बिया लावायला सांगा. त्याला मंजुरीही लागणार नाही.

आपला,
जव्हार तालुक्यातला एक शिक्षक