बाहेरच्या बाकावर

वडगाव, बेळगाव

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

बंगळूरला पोचल्याचा मेसेज मिळाला. फोनच करणार होते, पण फोनवर माझा आवाज चढतो आणि मग तू नुसतं "हं, हं" करतेस. म्हणून लिहिते.

दिवाळी झाल्यावर सोमवारी तू "शहापूरला जाऊन येते" म्हणालीस. मी समजले, साडीला फॉल लावायला. परवा कपाट आवरताना शहापूरच्या आपल्या डॉक्टरांची चिठ्ठी सापडली. त्यांचं अक्षर तुला माहीतच आहे. खालचं "१५ दिवसांनी" तेवढं लागलं. कशाला गेली होतीस, ते मी विचारणार नाही.

बीपी बघायला गेले तेव्हा डॉक्टरांना मात्र विचारलं. दंडावरचा पट्टा सोडता सोडता म्हणाले, "वहिनी, पोरगी २५ वर्षांची आहे. तिचं तिच्या तोंडून ऐका." राग आला मला. मग म्हटलं, बरं, हिच्या वयाची पोरं येतात तरी कशाला? हसले. झोप नाही, पित्त, केस गळतात, पाळी चुकली, मान धरली, रजेला सर्टिफिकेट पाहिजे. सगळं सांगून होतं, गोळ्या लिहून होतात, आणि चप्पल पायात सरकवताना म्हणतात, "डॉक्टर, आणखी एक होतं." त्या एकासाठीच आलेली असतात म्हणे. घरी येईस्तोवर माझ्या डोक्यात तेच. तुझं "आणखी एक" काय होतं गे?

बघ, विचारलंच.

अशक्तपणा असेल तर ऐक. लोहाच्या गोळ्या चहावर घ्यायच्या नाहीत, लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या. शौचाला काळं होतं, घाबरायचं नाही. तू झालीस तेव्हा माझं हिमोग्लोबिन ७ वर आलं होतं. बाईला १२ तरी लागतं. जिना चढताना भिंत धरायचे, पण तुझ्या आजीला सांगणार कोण? अंगावरच काढलं सगळं. तू काढलं नाहीस, आपल्या पायांनी गेलीस. तुझ्या आप्पांना मी हे दोनदा सांगितलं, चिठ्ठीचं न सांगता.

लग्नाचं मी ताटावर बसून बोलले, ते चुकलंच. त्यानं तर झोप उडाली नाही ना? सरकारी दवाखान्यात भिंतीवर एक नंबर लिहिलाय, १४४१६. मनाला त्रास असेल तर फोन करायचा, पैसे पडत नाहीत. तुझ्यासाठी नाही, उगाच उतरून घेतला. असू दे जवळ.

बंगळूरला मोबाईलवर दहा मिनिटांत डॉक्टर भेटतो, तूच सांगतेस. तरी दिवाळीची रजा एक दिवस वाढवून शहापुरात बसलीस. कन्नड तुझं चांगलं आहे, इंग्रजी तर आहेच; पण कळ वेगळी, चमक वेगळी, ठणका वेगळा, हे तिथं कुणाला सांगणार? "कसंनुसं होतंय" एवढ्यावर पुढचं कळणारा माणूस लागतो.

चार वर्षांची असशील. ताप उतरेना, बाहेर धो धो पाऊस. आप्पांनी माग बंद करून सायकल काढली, मागं मी, मांडीवर तू, वर पोत्याची खोळ. डॉक्टरांनी लाल औषधाची बाटली दिली, डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली. तू ती पट्टी सोलून कपाळाला लावलीस, टिकली म्हणून. डोस किती द्यायचा कळेना, दुसऱ्या दिवशी परत गेलो. ते रागावले नाहीत. नवी पट्टी कापून चिकटवली आणि उरलेला तुकडा तुझ्या कपाळाला लावला. तू त्यांनाच सांगितलंस ते बरं केलंस. मला सांगितलं असतंस तर मी आधी रडले असते.

काकाच्या पोराबरोबर कुंदा आणि इंद्रायणीचे तांदूळ पाठवते. रात्री जागून कुकर लावत बसू नको.

आता १५ दिवसांनी राणी चन्नम्मा गाडीनं येशील ना? शहापूरला मीही येईन. आत नाही, बाहेरच्या बाकावर बसेन. तिथला पंखा इतका खडखडतो की आतलं काही म्हणता काही ऐकू येत नाही.

तुझी आई