बडोद्याचं घर बांधायच्या आधी

फ्रायबुर्ग, जर्मनी
२ मे

प्रिय दादा आणि वहिनी,

सप्रेम नमस्कार. घराचा प्लॅन मिळाला, दोन संध्याकाळी बसून नीट बघितला. दांडिया बाजारचं घर उतरवायचं ठरलंच आहे, त्यावर माझं काही म्हणणं नाही. बाबांच्या गुडघ्यांना तो उभा जिना आता झेपत नाही आणि मागची भिंत किती फुगलीये ते तू व्हिडिओत दाखवलंसच. पण प्लॅनमध्ये चार एसींचे पॉइंट आहेत, गच्चीवर कोपऱ्यात 'सोलर नंतर' एवढंच लिहिलंय आणि ऊन कुठून येणार याचा विचार कुठेच दिसत नाही. बाबा तुझं ऐकतात. पुढच्या आठवड्यात तू पुण्याहून जाणारच आहेस, तर कॉन्ट्रॅक्टरशी बोलायच्या आधी हे पत्र त्यांना वाचून दाखव.

सगळ्यात आधी गच्चीचं बघ. वरच्या खोलीत रात्री अकरा वाजता पंखा गरम हवा का फेकतो? स्लॅब दिवसभर तापतो आणि साठवलेली उष्णता रात्रभर खाली सोडतो. एसी रात्रभर त्या स्लॅबशीच झगडत असतो. म्हणून स्लॅबवर आधी उष्णतारोधक थर आणि त्यावर पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचं चायना मोझेक करून घे. हे काम गुजरातेतल्या कारागिरांच्या हातातलं आहे, वेगळं कोणी शोधावं लागणार नाही. २०१८ साली केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने घरांसाठी इको-निवास संहिता काढली, तिच्यात छत आणि भिंतींतून किती उष्णता आत यावी याची मर्यादाच घालून दिली आहे. आर्किटेक्टला विचार, आपला प्लॅन त्यात बसतो का. विचारल्याशिवाय कोणी हिशेब करत नाही.

दुसरी गोष्ट पश्चिमेची. प्लॅनमध्ये आई-बाबांची झोपायची खोली पश्चिमेला आहे आणि तिला मोठी काच. मे महिन्यात चार वाजता तिथे कोणाला बसवणार? जिना, बाथरूम आणि कोठीची खोली त्या बाजूला न्या, झोपायची खोली आपोआप सावलीत येईल. बडोद्यात उन्हाळ्याचा वारा नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा ती बाजू पूर्ण बंदही करू नका. जाळी किंवा उभ्या पट्ट्या लावल्या की वारा येतो आणि ऊन अडतं. आपल्या जुन्या घरात चौक होता, जाड भिंती होत्या, खिडक्यांना लाकडी झडपा होत्या. पणजोबांनी हे सगळं हौसेखातर नव्हतं केलं.

इथे माझ्या समोरच्या घरातल्या आजी उन्हाळ्यात सकाळी आठलाच खिडकीबाहेरचं शटर पट्ट्याने खाली ओढतात आणि संध्याकाळी वर करतात. ऊन काचेला लागायच्या आधीच बाहेर अडतं. आतून पडदा लावला तर उष्णता खोलीत शिरलेली असतेच, मग पडदा कितीही जाड असो. बाकी इथलं सगळं उचलून तिकडे न्यायचं नाही हं. १९९१ मध्ये डार्मश्टाट गावात पहिलं पासिव्ह हाऊस, म्हणजे जवळजवळ हीटरशिवाय उबदार राहणारं घर, बांधलं, तेव्हापासून इथे तिहेरी काचा आणि हवाबंद भिंतींचं फार कौतुक आहे. पण तो थंडीचा बंदोबस्त आहे. आपल्याला बंदोबस्त उन्हाचा हवा.

आता सोलर. तो 'नंतर' हा शब्द कृपा करून खोडायला लाव. इथे जर्मनीत आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात मे २०२२ पासून नवीन घराच्या छतावर सोलर सक्तीचं आहे. माझ्या घरापासून सायकलवर जाण्याच्या अंतरावर रोल्फ डिश या आर्किटेक्टने बांधलेली ५९ घरांची वसाहत आहे, तिची छपरंच पॅनलची आहेत आणि ती घरं वर्षभरात वापरतात त्यापेक्षा जास्त वीज तयार करतात. हे अशा गावात, जिथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी सूर्य दिसला तर लोक बाहेर येऊन उभे राहतात! जर्मनीत १ किलोवॅटच्या पॅनलमधून वर्षाला साधारण १,००० युनिट मिळतात, बडोद्यात १,४०० च्या पुढे. इथली पोरं पॅनल बाल्कनीच्या कठड्याला टांगतात आणि आपण एवढी उघडी गच्ची तापत ठेवतो, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बाबांचं म्हणणं मला माहीत आहे, "उत्तरायणाला पतंग कुठून उडवायचे?" आणि आईचं, "गहू कुठे वाळत घालायचे?" दोघांचंही बरोबर आहे. पॅनल उंच सांगाड्यावर बसवायचे, खाली माणूस उभा राहील इतके उंच. खाली सावली होते, स्लॅब कमी तापतो आणि अर्धी गच्ची तरीही मोकळी राहते. ३ किलोवॅटला साधारण ३०० चौरस फूट पुरतात. मात्र सांगाडा वाऱ्यात हलता कामा नये. त्याचे पाय बसवायची जागा आत्ताच, स्लॅब ओततानाच ठरली पाहिजे. नंतर भोकं पाडली की वॉटरप्रूफिंग गेलं. तसंच गच्चीपासून मीटरपर्यंत एक रिकामा पाइप, अर्थिंग आणि पॅनल धुवायला वर एक नळ. आत्ता हे किरकोळ खर्चात होतं, नंतर टाइल्स फोडाव्या लागतील.

पैशांचं म्हणशील तर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॅटला किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० असं मिळून जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान थेट खात्यात येतं. ३ किलोवॅटमधून महिन्याला सरासरी ३५० युनिट निघतील. दुतर्फा मीटर बसतो, दिवसा जास्तीची वीज कंपनीकडे जाते आणि रात्रीच्या वापरातून वळती होते. मात्र उरलेल्या युनिटला फारच कमी दर मिळतो, तेव्हा कोणी "पाच-सहा किलोवॅट टाका, कमाई होईल" म्हणालं तर भुलू नका. वर्षभराची लाइट बिलं काढून त्यावरून माप ठरव.

बाबा म्हणतील, "माझ्या हयातीत वसूल होणार का?" त्यांना सांग, आजवाचा तलाव सयाजीराव महाराजांनी बांधला, त्याचं पाणी बडोदं अजून पितंय. आणि २०१५ च्या जानेवारीत बडोद्याजवळ नर्मदेच्या कालव्यावर १० मेगावॅटचे पॅनल लागले, उद्घाटनाला संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून आले होते. जमीन अडली नाही आणि पाण्याचं बाष्पीभवनही कमी झालं. हे बडोद्याला नवीन नाही.

मांजलपूरच्या आत्यालाही फोन कर. तिच्या सोसायटीला लिफ्ट आणि पाण्याच्या पंपासाठी याच योजनेत किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान मिळू शकतं. आपलं घर झालं की तिच्या कमिटीच्या लोकांना चहाला बोलाव आणि मीटर दाखव. आपल्या गल्लीत एकाने केलं की चार जण विचारायला येतात, गॅसच्या वेळीही असंच झालं होतं.

जुनं सागवान भंगारात देऊ नका. खांब आणि तुळया नव्या दारांना, झडपांना कामी येतील. विटाही शाबूत असतील तेवढ्या वेचून ठेवायला सांग.

बदललेला प्लॅन महानगरपालिकेत जायच्या आधी मला पाठव. आईने मागवलेलं गुडघ्याचं मलम चिन्मयच्या मित्राबरोबर पाठवलंय, शनिवारी तो पुण्यात पोचेल. वहिनी, छोटीचा रिझल्ट कळवा.

तुझी,
मनू