'डाउन'चा मूळ अर्थ टेकडी

'डाउन' या इंग्रजी शब्दावरील रविवार पुरवणीतील लेख वाचला. उशीत भरायच्या मऊ पिसांना 'डाउन' म्हणतात, कारण ती तरंगत खाली येतात, ही त्यातील व्युत्पत्ती ऐकायला गोड असली तरी चुकीची आहे. पिसांचा 'डाउन' जुन्या नॉर्स भाषेतून आला. दिशेच्या 'डाउन'शी त्याचे नाते नाही. दोन वेगळे शब्द उच्चाराने एक झाले, इतकेच.

दिशेच्या शब्दाची खरी हकिकत अधिक रंजक आहे. जुन्या इंग्रजीत 'डून' म्हणजे टेकडी आणि 'ऑफ डूने' म्हणजे टेकडीवरून. त्याचे पुढे 'अडाउन' झाले, मग पहिले अक्षर गळाले आणि उरलेल्या 'डाउन'ला 'खाली' हा अर्थ चिकटला. मूळ अर्थ मात्र पुरता पुसलेला नाही. इंग्लंडच्या दक्षिणेकडील खडूच्या टेकड्यांना आजही 'साउथ डाउन्स' म्हणतात. नकाशा न पाहता ऐकणाऱ्याला ती सखल जमीन वाटावी!

रेल्वेचा उल्लेख लेखकाने एका ओळीत उरकला आहे. तिथल्या 'डाउन'चा उताराशी संबंध नाही. ब्रिटनमध्ये साधारणपणे लंडनकडे जाणारी गाडी 'अप', तशी आपल्याकडे मध्य रेल्वेवर सीएसएमटीकडे येणारी. त्यामुळे मुंबईहून पुण्याला निघालेल्या अनेक 'डाउन' गाड्या कर्जतला मागे जादा इंजिने लावून घेतात आणि बोरघाट चढतात.

– एक वाचक, कर्जत