जीवशास्त्राच्या पुस्तकात आपली तारली कधी येणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर शाळांना मिळालेल्या मोठ्या टचस्क्रीन पॅनलची बातमी वाचली. पॅनल आले, नारळ फुटले, फोटो निघाले. त्या पॅनलवर मुलांना दाखवायचे काय, याबद्दल बातमीत अवाक्षर नव्हते. मी किनाऱ्यालगतच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, म्हणून त्याबद्दल चार शब्द लिहावेसे वाटले.

दाखवण्यासारखे साहित्य नाही अशी तक्रार आता करता येणार नाही. अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाचा ‘ओपनस्टॅक्स’ प्रकल्प २०१२ पासून अख्खी पाठ्यपुस्तके फुकट देतो. पेशीपासून परिसंस्थेपर्यंत सगळे असलेले त्यांचे जीवशास्त्राचे जाडजूड पुस्तक कोणीही उतरवून घ्यावे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’वर पडद्यावरच प्रयोग करून बघता येतात आणि त्यातले कितीतरी प्रयोग मराठीतही आहेत. विकिमीडिया कॉमन्सवर चित्रे आहेत. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा ‘क्यूब’ उपक्रम फळमाशीसारखे साधे जीव घेऊन मुलांना खरे संशोधन करायला लावतो. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर मराठी विज्ञानपुस्तकांचा ढीग आहे. हे सगळे आमच्यापैकी बऱ्याच शिक्षकांना ठाऊक आहे, आणि नसेल तर मुलांना ठाऊक आहे.

प्रश्न पुढचा आहे. या साहित्यातल्या बऱ्याच गोष्टींवर ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’चा, म्हणजे कसा वापर चालेल ते आधीच सांगून ठेवणारा, परवाना असतो. ओपनस्टॅक्सच्या जीवशास्त्राचा परवाना तर फारच सढळ आहे: भाषांतर करा, प्रकरणे मागेपुढे करा, नको ते गाळा, हवे ते घाला, छापून वाटा, विकलेत तरी चालेल. अट एवढीच की मूळ लेखकांचे नाव द्यायचे आणि काय बदलले ते सांगायचे. (परवान्यात ‘एनडी’ ही अक्षरे दिसली तर मात्र बदल करून वाटायचे नाही, हे शिक्षकांनी लक्षात ठेवावे. ‘एनसी’ असेल तर धंदा करायचा नाही.) युनेस्कोने २००२ मध्ये अशा साहित्याला मुक्त शैक्षणिक संसाधने हे नाव दिले आणि २०१९ मध्ये सदस्य देशांसाठी त्याची रीतसर शिफारसही मंजूर केली. मूळ कल्पनेत फुकट मिळण्याइतकेच महत्त्व बदलता येण्याला आहे. आपण मात्र फुकट तेवढे घेतले आणि बदलायच्या अधिकाराकडे ढुंकूनही पाहिले नाही.

याचा वर्गात काय परिणाम होतो ते सांगते. ओपनस्टॅक्सच्या परिसंस्थेच्या प्रकरणात अन्नसाखळीचे उदाहरण अमेरिका-कॅनडा सरहद्दीवरच्या ओंटारिओ सरोवराचे आहे. तळाशी हिरवे शैवाल, ते खाणारे मृदुकाय प्राणी, त्यांना खाणारा स्लायमी स्कल्पिन नावाचा मासा आणि सर्वांत वर चिनूक सामन. चित्र सुरेख आहे. ते लावले की पहिल्या बाकावरून प्रश्न येतो, “मॅडम, ह्यो मासो आमच्याकडे गावता काय?” गावत नाही. मग मुले साखळी पाठ करतात आणि परीक्षेत ‘स्कल्पिन’चे स्पेलिंग चुकवतात. ज्यांच्या घरी पहाटे होडी लागते, ज्यांना जाळ्यात काय आले यावरून महिन्याचा हिशेब कळतो, त्या मुलांना खाद्यसंबंध कॅनडाच्या सरहद्दीवरून शिकवायचे!

त्याच जागी आपली साखळी ठेवून बघा. पाण्यात तरंगणारे वनस्पती प्लवक, ते खाणारे डोळ्यांना जेमतेम दिसणारे कोपेपॉड नावाचे जीव, त्यांना खाणारी तारली ही छोटी मासळी, आणि तारलीच्या थव्यामागे लागलेली सुरमई. परवाना म्हणतो, खुशाल ठेवा. चित्र नव्याने काढायला एका चांगल्या चित्रकलेच्या शिक्षकाला एक दुपार पुरेल.

आणि एकदा मासा आपला झाला की धडा चित्रावर थांबत नाही. बाजारातून ताजा बांगडा आणावा आणि त्याचा जबडा नीट उघडून धरावा. आत दोन्ही बाजूंना पिसाच्या तंतूंसारखे लांब, दाट दाते दिसतात. कल्ल्याच्या कमानीवर आतल्या अंगाला असलेली ही चाळणीच. पाणी तोंडातून आत येते, कल्ल्यांवरून बाहेर जाते, प्लवक मात्र या दात्यांत अडकून पोटात जाते. कल्ल्यावरचे झाकण उचलले की त्याच कमानीच्या बाहेरच्या अंगाला लालभडक तंतू दिसतात. ते श्वसनाचे. एकाच कमानीवर एका बाजूला जेवण, दुसऱ्या बाजूला श्वास. आता शेजारी सुरमईचे डोके ठेवा. जबड्यावर सुरीसारखे धारदार दात, आणि कल्ल्यावरचे दाते अगदी मोजके. तिला चाळायचे काहीच नाही, ती तारलीचा लचका तोडते. गंमत अशी की बांगडा आणि सुरमई दोघेही एकाच कुळातले. नाते एक आणि जगण्याच्या तऱ्हा दोन, हे अनुकूलन दाखवायला याहून सोपे उदाहरण कुठे मिळणार? शिवाय विच्छेदनाचा प्रश्नही उद्भवत नाही, कारण मासळी दुपारी कालवणात जायचीच असते. हा धडा कुठल्याही खुल्या पुस्तकात मला सापडलेला नाही. तो आपणच लिहायचा आहे.

असे किती सांगावे. कीटकभक्षी वनस्पती म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर मेघालयातली घटपर्णी येते. इकडे पावसाळा उतरणीला लागला की आपल्या सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या पठारावर, सीतेची आसवे या रानफुलांचा जांभळा गालिचा पसरतो, आणि तीही कीटकभक्षी आहे हे सड्यावरूनच शाळेत येणाऱ्या पोरांना माहीत नसते. ओल्या मातीतून ती हलक्या हाताने उपटली तर बारीक धाग्यांना टाचणीच्या डोक्याहूनही लहान पिशव्या लागलेल्या दिसतात. फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक असेल तर पिशवीचे दारसुद्धा दिसते. सूक्ष्म जीव दाराशी लागला की एका मिलिसेकंदाच्या आत तो पाण्यासकट आत ओढला जातो. खाडीच्या कडेला कांदळ या खारफुटीच्या झाडाची जी लांब हिरवी ‘शेंग’ लोंबते ती शेंग नसून झाडावरच रुजलेले रोप असते. पांढरी चिप्पी हे २०२० पासून आपले राज्य कांदळवन वृक्ष आहे, पण ती ओळखणारी मुले माझ्या वर्गात तरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. लिंगनिश्चितीच्या धड्यात एक्स-वाय गुणसूत्रे शिकवताना रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावरील कासवांचे नाव यायलाच हवे. तिथल्या ऑलिव्ह रिडले कासवाचे पिल्लू नर होणार की मादी हे गुणसूत्र ठरवत नाही, घरट्यातल्या वाळूची उष्णता ठरवते. वाळू जास्त तापली तर माद्या, थंड राहिली तर नर. हवामानबदलाचा धडा त्याला आपोआप जोडला जातो.

आता आडकाठी कुठे आहे ते. ओपनस्टॅक्सला आपण बदलू शकतो, पण आपल्याच बालभारतीला नाही. बालभारतीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, ही फार चांगली गोष्ट आहे. मात्र प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला सर्व हक्क मंडळाकडे असल्याची आणि संचालकांच्या लेखी परवानगीशिवाय कोणताही भाग उद्धृत करता येणार नसल्याची ओळ असते. म्हणजे दहावीच्या आनुवंशिकता व उत्क्रांतीच्या धड्यातली आकृती घेऊन मी तिच्याखाली वेळासच्या कासवाबद्दल चार ओळी जोडल्या आणि ते पान तालुक्यातल्या शिक्षकांना वाटले, तर नियमाने ते चालणार नाही. ह्यूस्टनचे राइस विद्यापीठ मला जे करू देते ते पुण्याचे मंडळ करू देत नाही. जनतेच्या पैशातून झालेल्या पुस्तकाला एवढे कुलूप कशाला? केंद्र सरकारने २०१३ मध्ये मुक्त शैक्षणिक संसाधनांचे राष्ट्रीय भांडार सुरू केले, तेव्हा त्यातल्या साहित्यासाठी खुलाच परवाना निवडला होता. तोच परवाना राज्याने घ्यावा. निदान विज्ञानाच्या पुस्तकांपासून सुरुवात व्हावी.

कुलपाचा फायदा कोणाला होतो, तेही पाहिले आहे. मध्यंतरी एका कंपनीचा प्रतिनिधी आमच्याकडे ‘प्रीमियम डिजिटल कंटेंट’ विकायला आला होता. वर्षाची वर्गणी ऐकून संस्थेच्या मंडळींनी खुर्चीत बूड सावरले. त्याने नमुना म्हणून वृक्ककाची, म्हणजे मूत्रपिंडातल्या गाळणाऱ्या सूक्ष्म नळीची, आकृती दाखवली. ती ओपनस्टॅक्सची होती, रंगांसकट, खालची श्रेयाची ओळ तेवढी कापलेली. विकायला परवान्याची ना नाही, पण नाव पुसायला आहे. मी तेवढे बोलल्यावर त्याने पुढची स्लाइड लावली. आमच्या मंडळींनी वर्गणी भरली नाही, पण ज्या शाळेत विज्ञानाचे शिक्षकच पुरेसे नाहीत तिथे हे कोण सांगणार?

माझ्या सहकाऱ्यांचे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचा. तिथे ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे आणि प्रश्न एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकांतल्या ओळींवर, मग तारली शिकवून काय उपयोग, असे पालकही विचारतात. त्यांचे चूक म्हणवत नाही. पण वर्गातली सगळी मुले नीट देत नाहीत, आणि जी देतात त्यांनाही कल्ल्याची रचना एकदा हातात धरून बघितली की पाठ करावी लागत नाही. दुसरा आक्षेप चुकांचा: जो तो बदल करू लागला तर चुका शिरतील. शिरतीलच. म्हणून तपासणारे हवेत, आणि ते इथेच आहेत. दापोलीला कृषी विद्यापीठ आहे, रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, झाडगावला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. या संस्थांकडे मासे, शिंपले, खारफुटी यांची छायाचित्रे आणि नमुने वर्षानुवर्षे साठलेले आहेत. त्यातला थोडा भाग जरी खुल्या परवान्याने बाहेर आला, तरी शिक्षकांचे निम्मे काम होईल.

उरलेल्या निम्म्यासाठी वेळ हवा. शिक्षकांची प्रशिक्षणे दरवर्षी होतात. हजेरी, चहा, पीपीटी, पुन्हा हजेरी. त्यातले दोन दिवस आम्हाला एकत्र बसून एक प्रकरण मराठीत उतरवायला आणि त्यात कोकणातली उदाहरणे बसवायला द्या. तोच कामाचा पुरावा धरा. अकरावीला इंग्रजीत जाताना मराठी माध्यमातली हुशार मुले कशी गप्प होतात हे आम्ही दरवर्षी जूनमध्ये पाहतो. डाव्या पानावर इंग्रजी आणि उजव्या पानावर मराठी असे एखादे प्रकरण जरी त्यांच्या हाती पडले, तरी फरक पडेल.

रेंजचे रडगाणे लावत नाही. पावसात वीज आणि नेटवर्क दोन्ही दगा देतात हे गृहीतच आहे. खुल्या साहित्याचा फायदा असा की ते पेनड्राइव्हवर घालून पोचवायला कोणाची परवानगी लागत नाही. किविक्ससारख्या मोफत प्रणालीने विकिपीडियासुद्धा इंटरनेटशिवाय चालतो. बातमीतली पॅनल निदान पेनड्राइव्ह वाचत असतील, अशी आशा आहे.

शेवटी एक विनंती आपल्यालाच. आपल्या दैनिकाच्या संग्रहात सड्यावरच्या फुलांची, बंदरावरच्या मासळीची, किनाऱ्याला लागलेल्या कासवांची छायाचित्रे असणारच. छायाचित्रकारांची हरकत नसेल तर त्यातली जुनी, वापरात नसलेली छायाचित्रे त्यांच्या नावासह खुल्या परवान्याने शाळांना देता येतील का? होकार असेल तर कोणती प्रकरणे आणि कोणती छायाचित्रे लागतील याची यादी करून पाठवायला मी आणि तालुक्यातले काही सहकारी तयार आहोत.

आपली,
एक जीवशास्त्र शिक्षिका,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग