घरच्या भाजीचा हिशोब

संपादक साहेब, नमस्कार.

घरी भाजी लावा, पैसे वाचतील असं जो तो सांगतो, पण कुंडी, माती, खत, बिया हे कुणी धरतच नाही. पहिल्या वर्षी मी टोमॅटो लावले आणि एका टोमॅटोला किती पडले ते काढलं, बायकोला आकडा सांगायची हिंमत नाही झाली! टोमॅटोला रोज ६ ते ८ तास थेट ऊन लागतं, रोप लावल्यावर पिकायला २-३ महिने जातात आणि आमची बाल्कनी नेमकी सावलीत. धान्य, बटाटे तर विकतच घ्या, तेवढी जागा कुणाकडे असते.

पालेभाजीचं मात्र वेगळंय हां. पालक ६ ते ८ इंच खोल ट्रेमध्येपण येतो, महिना-दीड महिन्यात कापायला तयार, बाहेरची पानं काढत राहिलं की परत नवीन फुटतात आणि पालेभाजी तोडून ठेवली की तिच्यातलं क जीवनसत्त्व कमी होत जातं, त्यामुळे कुंडीतून थेट कढईत हा फायदा बाजारात मिळणारच नाही.

सध्या घरी फक्त पालक आणि पुदिना, बाकी सगळं पिशवी घेऊन बाजारातून. टोमॅटोचं एक रोप ठेवलंय, त्याचा हिशोब विचारू नका.

आपला,
एक वाचक