आखनमधल्या माझ्या ताईला, मनापासून थँक्यू

ताई,

तुला फोनवर थँक्यू म्हटलं की तू "असू दे गं" म्हणून लगेच विषय बदलतेस, म्हणून आता इथे सगळ्यांसमोर लिहितेय. इकडे शिकायला येणाऱ्या मुलामुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनीपण हे वाचावं असं वाटतं.

2024 च्या ऑक्टोबरमध्ये मी सांगलीहून जर्मनीत आखनला आले, इथल्या आरडब्ल्यूटीएच युनिव्हर्सिटीत मास्टर्ससाठी, तेव्हा ॲडमिशन, व्हिसा, इन्शुरन्स सगळं होतं पण ज्यांनी खोली दिली होती ते पत्ता नोंदवायला लागणारा कागदच द्यायला तयार नव्हते. आणि इथे तर सगळं त्या एका कागदावर अडतं. तो नाही तर आनमेल्डुंग म्हणजे पत्त्याची नोंद नाही, नोंद नाही तर बँकेत खातं उघडताना अडचण, खातं नाही तर बाबांनी ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे व्हिसासाठी राहण्याखाण्याचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्यात, भरलेले 11,208 युरो आपलेच असून हातात येत नाहीत (त्यातले महिन्याला 934 मिळायचे, सप्टेंबर 2024 पासून ही रक्कम 11,904 झाली), आणि पुढे रेसिडेन्स परमिटलाही तीच नोंद लागते. तुझी माझी ओळख काय, तर ग्रुपवर टाकलेला माझा एक मेसेज. तुझी फ्लॅटमेट इंटर्नशिपला गेली होती, तू तिला विचारलंस, घरमालकिणीशी बोललीस, सगळं रीतसर लिहून घेतलंस आणि संध्याकाळी म्हणालीस, बॅगा घेऊन ये.

पण मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते वेगळ्याच गोष्टीचे. तू माझी कामं करून टाकली नाहीस, मला करायला लावलीस. नोंदणीच्या ऑफिसात आपला नंबर येईपर्यंत तू माझ्याकडून "इश म्योश्टं मिश आनमेल्डन" (मला पत्त्याची नोंद करायचीये) घोकून घेतलंस, आणि आत गेल्यावर त्या बाई तुझ्याकडे बघून बोलायला लागल्या तेव्हा तू शांतपणे माझ्याकडे हात केलास. मला घाम फुटला होता गं. पण तू शेजारच्या खुर्चीत होतीस, आणि तेवढं पुरलं. नंतर परमिटच्या ऑफिसात मी एकटी गेले आणि काम करून आले ते त्या दिवसामुळेच.

रेडिओ टीव्हीच्या फीचं पत्र आलं तेव्हापण तसंच. 18.36 युरो महिन्याला बघून मी घाबरले, तू म्हणालीस ही फी एका घराला एकच, आपण आधीच भरतोय, आपला फी भरायचा नंबर टाकून उत्तर पाठव. कसं लिहायचं ते मात्र मलाच शोधायला सांगितलंस.

आणि परीक्षा! आपल्याकडे विषय राहिला तर केटी, पुढच्या वेळी सोडवू, असं डोक्यात असतं. इथे एका पेपरला साधारण तीनच संधी आणि तिसऱ्यांदा गेला तर तो कोर्सच संपतो, दुसऱ्या युनिव्हर्सिटीत तोच कोर्स घ्यायचा दरवाजापण बहुतेक बंद. हे तू मला डिसेंबरमध्येच मेन्सात, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये, जेवताना समजावलंस, कुठल्या पेपरला बसायचं आणि तयारी नसेल तर मुदतीत नाव कसं काढून घ्यायचं तेसुद्धा. आमच्या बॅचमधल्या काहींना हे फेब्रुवारीत कळलं. मला वाटतं हे प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात कुणीतरी बसवून सांगायला पाहिजे.

दिवाळीचं तर काय सांगू. त्या वर्षी लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला आलं आणि नेमकी त्या दिवशी इथे सरकारी सुट्टी, दुकानं बंद. तू आधीच पोहे, डाळं, शेंगदाणे आणून ठेवले होतेस, सकाळी चिवडा परतला, राहिलेलं आणायला बसने सीमेपलीकडे फाल्सला गेलो, तिकडे हॉलंडमध्ये दुकानं उघडी होती. रात्री कोरिडोरमधली जर्मन आणि इराणी पोरं पण आली. डिसेंबरात साडेचारलाच अंधार व्हायचा आणि मला खोलीतून हलावंसं वाटायचं नाही, तेव्हा काहीही लेक्चर न देता तू "चल, लाउसबर्गच्या टेकडीवर एक फेरी मारू" म्हणून जॅकेट हातात द्यायचीस. तेव्हा मी किती खचले होते हे तुला कळलं होतं ना? तू कधी विचारलं नाहीस, त्याबद्दलपण थँक्यू.

आता तुझी पीएचडी संपत आलीये, तुझ्या डिफेन्सला, म्हणजे पीएचडीच्या शेवटच्या तोंडी परीक्षेला, मी येणार आहे, खाण्याचं सगळं माझ्याकडे, तू त्यात पडू नकोस. आणि आईचा निरोप आहे, पुढच्या वेळी भारतात आलीस की सांगलीला दोन दिवस राहायला यायचं, नुसतं जेवून निघायचं नाही.

तुझीच,
फ्लॅटमधली धाकटी