खरी मेख कॅलेंडरमध्ये

महोदय,

शेतीचा नवा व्हिडिओ गेम येणार म्हटलं की चर्चा ग्राफिक्सची होते. खरी मेख कॅलेंडरमध्ये असते. २०१६च्या 'स्टारड्यू व्हॅली' या शेतीच्या गेममध्ये ऋतू २८ दिवसांचा. फ्लॉवरला १२ दिवस लागतात. वाढीचं खत न घालता १६ तारखेनंतर बी टाकलं, तर ऋतू पालटताच उभं पीक मरतं. पाणी चुकलं तर मात्र रोप जळत नाही, वाढ तेवढी एक दिवस अडते. (हे जरा लाडच झाले!) साधा स्प्रिंकलर ४ चौकोन भिजवतो, त्याच्या वरचा ८, म्हणून ३ बाय ३चा वाफा आखून तो मधोमध बसवायचा.

नव्या गेममध्ये वाफसा (पेरणीजोगी ओल), पेरणीनंतर पावसाची दडी आणि मार्केट यार्डासारखे रोज हलणारे भाव हवेत. दुबार पेरणीच्या बियाण्याला पैसे राखावे लागले, तर मजा येईल.

– एक वाचक, कोथरूड, पुणे